प्रार्थना कीटकाचा घास

पावसाळा संपत आला की पुण्याच्या टेकड्या हिरव्यागार दिसू लागतात. पर्वती, तळजाई आणि वेताळ टेकडीच्या उतारांवर गवत गुडघ्यापर्यंत वाढलेले असते. या गवतात अनेक लहान जीव राहतात. टेकडीवर जायला जमले नाही तरी हरकत नाही. शाळेच्या आवारातील जास्वंदीचे झुडूप किंवा गॅलरीच्या कुंडीतला कढीपत्ता जवळून पाहा. अचानक एखादे हिरवे पान हलल्यासारखे वाटेल. वारा तर नाही, मग पान कसे हलले? थोडे थांबा. ते पान हळूहळू चालू लागेल. मग त्याला डोके दिसेल, दोन मोठे डोळे दिसतील आणि ते डोके वळवून तुमच्याकडेच पाहील.

हाच प्रार्थना कीटक.

त्याचे डोके त्रिकोणी असते. मान लांब आणि बारीक दिसते. पुढचे दोन पाय तो छातीजवळ दुमडून धरतो. जणू कोणी हात उचलून दुआ मागत आहे! म्हणूनच त्याला प्रार्थना कीटक हे नाव मिळाले. मराठीत त्याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. अरबी भाषेत त्याचे नाव ‘फरस अन्-नबी’ आहे. ‘फरस’ म्हणजे घोडा, म्हणून या नावाचा अर्थ पैगंबरांचा घोडा असा होतो. तुर्की लोक त्याला पैगंबरांचा उंट म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली युरोपातील एका जातीला शास्त्रीय नाव दिले. त्या नावातील एका शब्दाचा अर्थही ‘धार्मिक’ असाच आहे. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण या कीटकाला पाहून सगळ्यांच्या मनात सारखाच विचार आला.

परंतु हे पाय प्रार्थनेसाठी नाहीत, ते शिकारीसाठी आहेत. त्यांच्या आतल्या बाजूला करवतीसारखे काटे असतात. शिकार जवळ आली की पाय झटकन पुढे जातात आणि चिमट्यासारखे मिटतात. या झेपेला एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. आपली पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पुष्कळ लोक त्याला नाकतोडा समजतात. नाकतोडा गवत खातो. प्रार्थना कीटक गवताला तोंडही लावत नाही. त्याला फक्त जिवंत भक्ष्य लागते. त्याचे जवळचे नातेवाईक कोण, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ते आहेत झुरळ आणि वाळवी! जगात प्रार्थना कीटकांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि भारतात दीडशेहून अधिक. कोणी हिरवे, कोणी वाळक्या पानासारखे तपकिरी, तर कोणी झाडाच्या सालीसारखे करडे असतात.

पुण्यात कीटकांचा अभ्यास करणारी माणसे आणि संस्थाही आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था १९१६ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्याजवळ आकुर्डी येथे आहे. कोणता कीटक कोठे सापडतो, त्याची जात कोणती, याची नोंद ठेवण्याचे काम अशा केंद्रांत चालते.

हा कीटक आपण काही दिवस पाहुणा म्हणून घरी ठेवू शकतो. त्याला आपल्या हाताने घासही भरवू शकतो. तो विषारी नाही. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. फार तर पायांच्या काट्यांनी तो बोटाला हलकेसे टोचेल. पण घास भरवणे ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. मांजर भूक लागली की म्याव म्हणते. पोपट ओरडतो. प्रार्थना कीटक काहीच बोलत नाही. त्याला केव्हा भूक आहे, केव्हा नाही, हे आपल्यालाच ओळखावे लागते. ते ओळखले तर तो जगतो. ओळखले नाही तर आपल्याच हाताने त्याचा जीव जातो.

पाहुण्याचे घर

प्रथम त्याच्या राहण्याची सोय करू. प्लास्टिकची किंवा काचेची एक रुंद बरणी घ्या. बरणीची उंची कीटकाच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. कीटक सहा सेंटिमीटर लांब असेल तर बरणी अठरा सेंटिमीटरपेक्षा कमी उंच नको. एवढी उंची का लागते, ते पुढे कळेल. बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीचे कापड ताणून रबराने बांधा. हवा आत जाईल आणि कीटकाला उलटे लटकायला जागाही मिळेल. आत एक वाळकी काडी तिरकी ठेवा. तळाशी कागद पसरा, म्हणजे साफसफाई सोपी होईल.

बरणी उन्हात ठेवू नका. बंद बरणी उन्हात लवकर तापते आणि आतला जीव होरपळतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. त्या दिवसांत बरणी खिडकीपासून दूर ठेवावी. थंडीत हा कीटक सुस्त होतो आणि कमी खातो.

एका बरणीत एकच कीटक ठेवावा. दोन ठेवले तर एक दिवस तिथे एकच उरेल! हे कीटक आपल्याच जातभाईंनाही खातात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कीटक आणायचाच असेल तर तो घराच्या किंवा शाळेच्या आवारातूनच आणावा. राखीव जंगलातून, अभयारण्यातून किंवा सार्वजनिक बागेतून कोणताही जीव उचलून आणू नये.

नजरेचा खेळ

आता घासाकडे वळू. ताटात ठेवलेले अन्न आपण खातो. प्रार्थना कीटकासमोर मेलेली माशी ठेवली तर तो तिच्याकडे लक्षही देत नाही. तो उपाशी राहील, पण तिला हात लावणार नाही. असे का बरे होते?

याचे उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे. त्याला दोन मोठे डोळे असतात आणि त्यांच्या मधोमध तीन अगदी लहान डोळे असतात. मोठ्या डोळ्यांत एक काळा ठिपका दिसतो. आपण ज्या बाजूला जाऊ त्या बाजूला तो ठिपका फिरल्यासारखा वाटतो. जणू तो आपल्यावर नजर ठेवून आहे! खरे तर तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. डोळ्याचा जो भाग नेमका आपल्याकडे वळलेला असतो, तो आपल्याला काळा दिसतो, इतकेच.

आपण दोन डोळ्यांनी पाहतो म्हणून वस्तू किती लांब आहे याचा अंदाज आपल्याला येतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे दोन डोळ्यांचे महत्त्व पटेल. कीटकांना असा अंदाज घेता येतो का, हे पूर्वी पक्के ठाऊक नव्हते. १९८३ साली सॅम्युएल रॉसेल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्रार्थना कीटकाला तो घेता येतो. पुढे इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि भारतात शिकलेले विवेक नित्यानंद यांनी एक मजेदार प्रयोग केला. त्यांनी प्रार्थना कीटकाला चष्मा लावला! चष्म्याची एक काच निळी होती, तर दुसरी हिरवी. तो चष्मा मधमाश्यांच्या मेणाने डोळ्यांसमोर चिकटवला. मग पडद्यावर किड्यासारखा ठिपका हलवून दाखवला. चष्म्यामुळे तो ठिपका पडद्याच्या पुढे, हवेत तरंगत असल्याचा भास होत होता. कीटकाने त्या खोट्या किड्यावर झेप घेतली. हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगानंतर चष्मा काढून टाकत असत.

२०१८ साली याच गटाने आणखी एक गोष्ट शोधून काढली. माणूस स्थिर चित्रावरूनही अंतराचा अंदाज घेतो. प्रार्थना कीटक मात्र जिथे काही हलत आहे, बदलत आहे, तिथलेच अंतर मोजतो. स्थिर वस्तू त्याच्या हिशेबात येतच नाही.

मेलेली माशी तो का खात नाही, हे आता समजले ना? तो हट्टी नाही. जे हलत नाही ते त्याच्या दृष्टीने भक्ष्यच नाही. म्हणून घास भरवणाऱ्याला पहिला धडा हाच शिकावा लागतो : घास हलला पाहिजे.

त्याच्या कानाचीही थोडी माहिती घेऊ. बहुतेक जातींच्या प्रार्थना कीटकांना एकच कान असतो आणि तो डोक्यावर नसून छातीच्या खालच्या बाजूला मधोमध असतो. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय या शास्त्रज्ञांनी १९८६ साली हे जगापुढे मांडले. या कानाला वटवाघळांचे बारीक, उंच आवाज ऐकू येतात. आपल्याला ते आवाज ऐकू येत नाहीत. रात्री उडताना असा आवाज ऐकला की कीटक एकदम दिशा बदलतो आणि जीव वाचवतो. तेव्हा तुम्ही त्याला प्रेमाने हाका मारल्या तरी त्याचा काही उपयोग नाही. त्याच्याशी बोलायचे ते त्याच्या नजरेशीच.

घास कसा भरवावा

यासाठी बोथट टोकाचा एक लांब चिमटा हवा. शाळेच्या प्रयोगशाळेत असा चिमटा असतो. सुरुवातीला बोटांनी घास देऊ नये. कीटक भक्ष्यावर झेप घेतो तेव्हा बोट मध्ये आले तर आपण दचकून हात मागे घेतो आणि त्याचा नाजूक पाय दुखावतो.

आधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. हाताला अत्तर, तेल किंवा मच्छर पळवण्याचे मलम लागलेले नको. बरणीवरचे कापड सावकाश उघडा. कीटकाला शांत होऊ द्या.

आता माशी किंवा लहान नाकतोडा चिमट्यात हलकेच धरा. चिमटा वरून आणू नका. पक्षी वरून झडप घालतात, म्हणून वरून येणाऱ्या वस्तूला हा कीटक घाबरतो. तो पंख पसरून आपण मोठे असल्याचे सोंग करतो किंवा पळ काढतो. चिमटा समोरून, थोडा खालून आणा. घास त्याच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर थांबवा आणि अगदी थोडा हलवा. जोराने हलवू नका. खरा किडा जसा चालतो, थांबतो आणि पुन्हा चालतो, तसे करा.

कीटक डोके वळवील. मग तो डावीकडे-उजवीकडे डोलू लागेल. हे डोलणे म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या पानाची नक्कल असावी, असे म्हणतात. आजूबाजूची वस्तू किती लांब आहे हे पाहायलाही त्याला या डोलण्याचा उपयोग होतो. या वेळी तुमचा हात स्थिर हवा. सबुरी ठेवा. क्षणात झेप पडेल आणि चिमट्यातला घास त्याच्या पायांत जाईल. लगेच चिमटा सोडा. ओढाताण मुळीच करू नका.

दोन-तीनदा घास दाखवूनही त्याने झेप घेतली नाही, तर थांबा. तोंड फिरवले, मागे सरकला, पाय घट्ट दुमडून घेतले, तर त्याचा अर्थ एकच : ‘आज नको.’ पाहुण्याला आपण आग्रह करतो. या पाहुण्याला मात्र आग्रह करायचा नसतो.

जेवण झाल्यावर तो आपले पुढचे पाय तोंडाने नीट स्वच्छ करतो. मांजर पंजा चाटते ना, अगदी तसेच. हे पाहायला विसरू नका.

काय द्यावे, काय देऊ नये

घास कीटकाच्या लांबीच्या निम्म्याहून लहान असावा. मोठे भक्ष्य त्याला उलट जखमी करू शकते. अगदी लहान पिल्लांना चिलटे पुरतात. एका वाटीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवला की चिलटे आपोआप जमतात. मोठ्या कीटकाला माशी, पतंग, रातकिडा किंवा लहान नाकतोडा चालतो.

मुंग्या देऊ नका. त्या चावतात आणि झुंडीने कीटकावरच हल्ला करतात. केसाळ सुरवंट देऊ नका. भडक लाल-काळ्या रंगाचे किडे देऊ नका. असे रंग पुष्कळदा विषाची खूण असतात. घरात झुरळांवर किंवा डासांवर औषध फवारले असेल तर तिथला कोणताही किडा देऊ नका. ते औषध भक्ष्याच्या अंगातून तुमच्या पाहुण्याच्या पोटात जाईल. मटणाचे तुकडे, भात, पोळी, बिस्कीट हे तर त्याचे अन्नच नव्हे.

किती द्यावे? त्याचे पोट पाहा. पोट चपटे असेल तर भूक आहे. पोट फुगून गोल झाले असेल तर पुरे. लहान पिल्लाला रोज किंवा एक दिवसाआड खायला लागते. पूर्ण वाढलेल्या कीटकाला दोन-तीन दिवसांतून एकदा दिले तरी भागते. उरलेले पाय-पंख तळाशी पडतात, ते काढून टाका. नाहीतर बरणीत बुरशी येते.

पाण्यासाठी वाटी ठेवायची गरज नाही. बरणीच्या आतल्या बाजूला पाण्याचे चार बारीक थेंब उडवा. कीटक ते थेंब पितो. जंगलात दवबिंदू पिऊन तो असाच तहान भागवतो.

घास न देण्याची वेळ

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घास कसा द्यावा हे शिकणे सोपे आहे. घास केव्हा देऊ नये, हे ओळखणे अवघड आहे.

प्रार्थना कीटकाच्या अंगावर कातडीऐवजी कडक कवच असते. ते कवच वाढत नाही. म्हणून मोठे होताना त्याला जुने कवच टाकावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख फुटेपर्यंत तो अनेकदा कात टाकतो. बऱ्याच जातींत ही वेळ सहा ते नऊ वेळा येते.

कात टाकण्यापूर्वी एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त, तो खाणे सोडतो. रंग थोडा फिका पडतो. मोठ्या पिल्लाच्या पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेले दिसतात. मग तो बरणीच्या वरच्या कापडाला पाय रोवून उलटा लटकतो आणि अगदी स्तब्ध राहतो. आपल्याला वाटते, ‘बिचारा आजारी आहे. दोन दिवस उपाशी आहे. काहीतरी खायला घातले पाहिजे.’ आपण चिमट्याने त्याला डिवचतो किंवा एखादा रातकिडा बरणीत सोडून झोपी जातो. आपला हेतू चांगला असतो. पण त्याच रात्री कीटक कात टाकू लागतो. त्याची पाठ उकलते. आतून मऊ, ओलसर, नवे अंग खाली सरकू लागते. त्या वेळी तो पळू शकत नाही आणि लढूही शकत नाही. बरणीतल्या रातकिड्याचा धक्का लागला तर तो खाली पडतो. रातकिडा त्याला कुरतडूही शकतो. खाली पडलेल्या कीटकाचे पाय वाकडे होतात आणि तसेच वाळून कडक होतात. मग त्याला लटकता येत नाही, शिकार करता येत नाही. बहुधा तो जगत नाही.

बरणी उंच का हवी, हे आता ध्यानात आले असेल. लटकलेल्या कीटकाला जुन्या कवचातून खाली सरकायला पुरेशी जागा लागते. बरणी बुटकी असेल तर त्याचे नवे अंग तळाला टेकते आणि वाकडे होते.

म्हणून कीटक उलटा लटकून स्तब्ध राहिला की बरणीतले सगळे जिवंत किडे काढून घ्या. बरणी हलवू नका. कापड उघडू नका. थोडे पाणी आधीच शिंपडलेले असू द्या, म्हणजे हवेत ओलावा राहतो. नंतर फक्त पाहा. कात टाकून झाल्यावरही निदान एक दिवस त्याला घास देऊ नका. नवे कवच आणि जबडे कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. मोठ्या कीटकाला याहून जास्त वेळ लागू शकतो. भूक लागली की तो पुन्हा चिमट्याकडे वळून पाहील. तोच त्याचा इशारा.

म्हातारा आणि जखमी

पंख फुटले की कीटक पूर्ण वाढला. आता तो कात टाकणार नाही. त्यानंतर तो काही महिनेच जगतो. त्याचे सगळे आयुष्य एका वर्षाच्या आसपास असते, कित्येकदा त्याहूनही कमी. शेवटच्या दिवसांत त्याचे डोळे डागाळतात, पकड सैल होते, झेप चुकते. बोथट झालेल्या पायांतून माशी निसटते.

अशा वेळी हाताने घास भरवणे खरोखर उपयोगाचे ठरते. आता घास नुसता दाखवून भागत नाही. भक्ष्य चिमट्याने मारून त्याचा मऊ, ओला भाग कीटकाच्या तोंडाला हलकेच टेकवावा. चव लागली की तो हळूहळू चावू लागतो. मेलेला घास हलत नाही, पण तोंडाला लागलेली चव त्याला कळते. तो चावत असेतोपर्यंत चिमटा तसाच धरून ठेवावा लागतो. यात दहा-पंधरा मिनिटे जाऊ शकतात. हात अवघडतो. पण एवढे केले तर एक पाय गमावलेला किंवा थकलेला कीटकही आणखी काही दिवस जगू शकतो. काहीच चावता येत नसेल तर पाण्यात कालवलेल्या मधाचा एक थेंब काडीच्या टोकावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरावा. हे रोजचे अन्न नव्हे, अशक्त कीटकासाठी केलेली सोय आहे.

पिल्लाचा चालायचा पाय तुटला तर घाबरू नका. पुढच्या एक-दोन वेळा कात टाकल्यावर तो पाय पुन्हा थोडा वाढू शकतो. पंख फुटलेल्या कीटकाला मात्र ही संधी उरत नाही.

फाब्र गुरुजींचे मदतनीस

प्रार्थना कीटक पाळून त्याचा अभ्यास करणारे एक शिक्षक फ्रान्समध्ये होऊन गेले. त्यांचे नाव झाँ आंरी फाब्र. त्यांचा जन्म १८२३ साली झाला आणि १९१५ साली ते वारले. ते गरिबीत वाढले होते. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी वाळूने भरलेली भांडी घेतली, त्यांवर तारेच्या जाळीची झाकणे ठेवली आणि आत एकेक वाळके झुडूप लावले. झाली प्रार्थना कीटकांची घरे तयार!

पण इतक्या कीटकांना रोज ताजे अन्न आणायचे कोठून? फाब्र यांनी शेजारच्या मुलांना कामाला लावले. ही मुले सकाळ-संध्याकाळ शेतात हिंडत आणि नाकतोडे पकडून आणत. त्याबद्दल त्यांना पावाचा तुकडा किंवा खरबुजाची फोड मिळे. फाब्र यांनी या कीटकांबद्दल जे लिहिले ते आजही जगभर वाचले जाते. त्यात त्या लहान मदतनीसांच्या मेहनतीचाही वाटा आहे.

एका जीवासाठी दुसरा जीव

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. अम्मी किंवा दादीसुद्धा विचारील, “एकाला जगवायला दुसऱ्याचा जीव घ्यायचा, हे बरे का?” हा प्रश्न योग्य आहे. तो टाळू नये.

प्रार्थना कीटकाचे मुख्य अन्न म्हणजे इतर किडेच. निसर्गाने त्याला शिकारी म्हणूनच घडवले आहे. तो शेतातील अनेक किडे खातो, त्यामुळे शेतकऱ्याला मदत होते. कधी कधी तो मधमाशीसारखे उपयोगी कीटकही खातो. त्याला मित्र आणि शत्रू यांतला फरक समजत नाही. तो आपल्याला समजतो. म्हणून आपण त्याला पाळतो तेव्हा काही बंधने आपल्यावर येतात. गरजेपुरताच घास द्यावा. झेप पाहायची मौज वाटते म्हणून पोट भरलेल्या कीटकापुढे एकामागून एक माश्या धरू नयेत. मित्रांना दाखवण्यासाठी दोन कीटकांची झुंज लावू नये. मधमाश्या आणि फुलपाखरे पकडून देऊ नयेत. भक्ष्यालाही विनाकारण तडफडत ठेवू नये.

हा कीटक तुम्हांला ओळखेल, तुमच्यावर माया करील, अशी अपेक्षा ठेवू नका. तो चिमट्याकडे पाहतो कारण चिमटा हलतो. त्याला भरवताना आपल्याला प्रेमाची परतफेड मिळत नाही. मिळते ते लक्ष देण्याचे शिक्षण. न बोलणाऱ्या जीवाची भूक ओळखणे, त्याचा नकार मानणे आणि गरज असेल तेव्हा हात मागे घेणे, हे ज्याला जमले त्याला घास भरवणे जमले. तान्हे बाळ, आजारी माणूस, घरातली म्हातारी माणसे यांनाही सगळे बोलून सांगता येत नाही. तिथेही हेच लक्ष कामी येते.

निरोप

आठ-पंधरा दिवस निरीक्षण झाले की कीटकाला जिथून आणले तिथेच सोडून द्यावे. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बरणी झुडपाजवळ आडवी ठेवा आणि कापड काढा. त्याला हाताने ओढू नका. तो आपला आपण बाहेर येईल.

पूर्ण वाढलेली मादी असेल तर ती कदाचित त्याच झुडपाच्या फांदीवर अंडी घालील. ती आधी फेस सोडते आणि त्या फेसात अंडी घालते. फेस वाळून कडक होतो आणि अंड्यांची एक पुडी तयार होते. एका पुडीतून अनेक पिल्ले बाहेर पडतात. ती मुंगीएवढी लहान असतात, पण पुढचे पाय मात्र छातीशी तसेच दुमडलेले असतात. कोणाकडूनही न शिकता ती पहिल्या दिवसापासून शिकारी असतात. फांदीवर अशी पुडी दिसली तर ती खरवडून काढू नका. झाडाची छाटणी चालू असेल तर माळीकाकांना ती फांदी राखायला सांगा.

स्वाध्याय

१. प्रार्थना कीटक मेलेली माशी का खात नाही?

२. बरणीची उंची कीटकाच्या लांबीच्या तिप्पट का असावी?

३. कीटक कात टाकणार आहे हे कोणत्या खुणांवरून ओळखावे? त्या वेळी काय करावे आणि काय करू नये?

४. कारणे द्या : (अ) चिमटा कीटकाच्या वरून आणू नये. (आ) औषध फवारलेल्या घरातील किडे त्याला देऊ नयेत.

५. ‘एकाला जगवायला दुसऱ्याचा जीव घ्यायचा, हे बरे का?’ या प्रश्नावर तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

६. तुमच्या परिसरातील एखाद्या कीटकाचे तीन दिवस निरीक्षण करा. तो काय खातो, केव्हा खातो आणि केव्हा खात नाही, ते वहीत नोंदवा.